दिसते ते कुणाला?

दापोडीपासून भोसरी, पिंपरी, चिंचवड ओलांडून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कितीतरी माणसे पाहण्याचा पगार घेतात. लेथवर घडलेला, प्रेसमधून पडलेला, साच्यात ओतलेला पीस कुणाच्या ना कुणाच्या नजरेखालून गेल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही. क्वालिटीवाला पीस उचलतो, ट्यूबच्या उजेडात एकदा फिरवतो आणि बाजूला ठेवतो : ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट. कडेला राहिलेली बर, पृष्ठभागावरचा डेंट, कास्टिंगमधले ब्लो होल त्याला क्षणात दिसते. कसे दिसले असे विचारले, तर नजर बसली आहे, यापलीकडे त्याला फारसे सांगता येत नाही. ही बसलेली नजर म्हणजे नेमके काय, आणि तिच्यामागे बसलेला पाहणारा कोण, या दोन प्रश्नांसाठी हे पुस्तक लिहिले आहे.

विषय मांडायला सोपा आहे. प्रकाश डोळ्यात शिरतो, मेंदूत विद्युत-रासायनिक घडामोडी होतात आणि आपल्याला जग दिसते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी विज्ञानाला बऱ्याच तपशिलाने ठाऊक आहेत. तिसरी गोष्ट त्या दोहोंतून कशी उपजते, हे कोडे अजून सुटलेले नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : डोळ्यांचे काम आणि दिसल्याची जाणीव ही जोडी आपल्याला अभेद्य वाटते, पण ती फुटू शकते. जिथे ती फुटते, तिथेच जाणिवेच्या अभ्यासाला हात घालायला जागा मिळते.

आपल्या पट्ट्यातल्या फोर्जिंगच्या कामातलेच उदाहरण घेऊ. क्रँकशाफ्टसारख्या भागात केसाहून बारीक भेग राहिली, तर ती साध्या उजेडात दिसत नाही. म्हणून तिथे मॅग्नाफ्लक्स तपासणी होते. भागात चुंबकत्व निर्माण करून त्यावर चमकणारे लोहकण मिसळलेला द्रव सोडतात. भेगेपाशी चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागाबाहेर येते आणि तिथे कण गोळा होतात. मग अंधाऱ्या केबिनमध्ये, अतिनील दिव्याखाली, ती भेग हिरवट पिवळ्या रेघेसारखी उजळते. तपासणाऱ्याने आत शिरल्याबरोबर काम सुरू करायचे नसते. अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबायचे असते. त्या काही मिनिटांत दृष्टिपटलातली रसायने बदलतात, पेशींची संवेदनक्षमता वाढते, बाहुल्या मोठ्या होतात. यातले काहीही त्याला जाणवत नाही. त्याला जाणवते ती फक्त रेघ, आणि ती हिरवी असणे.

आता अनेक कारखान्यांत तपासणाऱ्याच्या टेबलाशेजारी कॅमेरा बसला आहे. पीस पट्ट्यावरून पुढे सरकतो, कॅमेरा त्याचे चित्र घेतो, प्रत्येक बिंदूवरच्या प्रकाशाचे आकडे होतात, संगणक ते आकडे आधी शिकलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतो आणि सदोष पीस बाजूला ढकलला जातो. काम तेच. कित्येकदा माणसाहून वेगवान, आणि दुसऱ्या पाळीत शेवटच्या तासालाही न थकता. पण त्या कॅमेऱ्याला भेग दिसते का? भेग ओळखणे आणि भेग दिसणे यांत फरक असेल, तर तो कुठे आहे? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न तत्त्वज्ञाच्या खोलीत बसून विचारला जाई. आज तो शॉपफ्लोअरवर, माणूस आणि कॅमेरा यांच्या मधल्या दीड हाताच्या अंतरात उभा आहे.

उत्तराकडे जाण्याआधी एक गैरसमज दूर करणे भाग आहे. डोळा जगाचे छायाचित्र घेतो आणि मेंदू ते आत पाहतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मग ते आतले छायाचित्र कोण पाहतो? त्याच्या आत आणखी एक डोळा मानला, तर त्या डोळ्यामागे पुन्हा तोच प्रश्न. शिवाय डोळ्याची रचनाच या समजुतीला आधार देत नाही. माणसाच्या एका दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकूपेशी असतात, पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात दहा-बारा लाखच. म्हणजे निवड, तुलना आणि गाळणी डोळ्यातच सुरू होते. अगदी स्पष्ट दिसते ते फक्त मध्यभागी. हात लांब धरला तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. बाकी सारे अंधुक. ही उणीव भरून काढायला डोळे सेकंदाला तीनेक उड्या मारत राहतात, आणि प्रत्येक उडीच्या काळात मेंदू दृष्टी मंद करून टाकतो. आरशात पाहून आपल्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नजर न्या. शेजारी उभ्या असलेल्याला तुमचे डोळे हललेले दिसतील, तुम्हाला दिसणार नाहीत.

दुसरा प्रयोग कागदावरचा. कोऱ्या कागदावर आठ सेंटिमीटर अंतर ठेवून डावीकडे फुली आणि उजवीकडे ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीवरच नजर रोखा आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. तीसेक सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. दृष्टिचेता जिथून डोळ्याबाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू एद्म मारिओत या फ्रेंच अभ्यासकाने सतराव्या शतकात दाखवून दिला. आता ठिपक्यातून आरपार जाणारी एक आडवी रेघ ओढा आणि पुन्हा करून पाहा. ठिपका जातो, रेघ मात्र अखंड दिसते. तिथून डोळ्यात काहीच माहिती येत नसताना रेघेचा तो तुकडा दिसल्याची जाणीव आपल्याला होते. जन्मापासून ही जागा डोळ्यात आहे आणि कुणी दाखवून दिल्याखेरीज आपल्या लक्षात येत नाही.

रंगाची गोष्ट तर याहून खोल आहे. दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. इथे गाड्यांच्या बॉडी बांधल्या जातात, जुन्या गाड्या नव्याने उभ्या राहतात आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांच्या ओळखीचा तो लाल रंग त्यांच्या अंगावर चढतो. तो लाल आहे कुठे? पत्र्यावरून परततो तो ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश. त्या तरंगात रंग नसतो, हे न्यूटननेही 'ऑप्टिक्स' या १७०४ च्या ग्रंथात बजावले होते. डोळ्यात तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांच्या प्रतिसादांच्या तुलनेतून मेंदू रंग ठरवतो. दुपारच्या निळसर उन्हात आणि संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात त्या पत्र्यावरून येणारा प्रकाश सारखा नसतो. तरी मेंदू भोवतालच्या प्रकाशाचा हिशेब वजा करतो आणि गाडी लालच राहते. पण दिवस पुरता मावळू द्या. उजेड कमी होताच शंकूपेशी मागे पडतात, दंडपेशी पुढे येतात, आणि त्यांना लाल प्रकाश जवळपास कळतच नाही. मग लाल गाडी काळपट होत जाते आणि तिच्यामागचे झाड त्या मानाने उजळ वाटू लागते. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवले आणि आजही ते त्याच्या नावाने ओळखले जाते. रंगकाम तेच, गाडी तीच, बदलले ते पाहणाऱ्याच्या आत.

इथवर सांगितले ते यंत्रणेचे काम. जाणीव तिच्यापासून वेगळी काढता येते याचा पुरावा आजाऱ्यांनी दिला, आणि या पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्या कहाण्यांचा आहे. मेंदूच्या मागच्या टोकाला दृष्टीचे पहिले केंद्र असते. ते गेले की दृष्टिक्षेत्राचा तेवढा भाग अंध होतो. रूस-जपान युद्धातल्या जखमी सैनिकांना तपासून तात्सुजी इनोउये या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०९ मध्ये डोक्यातली गोळीची वाट आणि दृष्टीतला अंध तुकडा यांचा मेळ घालून दाखवला. पुढे लॉरेन्स वाइस्क्रँट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा रुग्ण अभ्यासला. शस्त्रक्रियेनंतर त्याच्या दृष्टिक्षेत्राची डावी बाजू गेली होती. त्या बाजूला काही दाखवले की तो म्हणे, काही दिसत नाही. अंदाजाने बोट दाखवा असा आग्रह केला, की त्याचे बोट बहुतेक वेळा बरोबर जागी जाई. याला १९७४ मध्ये अंधदृष्टी असे नाव मिळाले. २००८ मध्ये टी. एन. या रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पक्षाघाताच्या दोन झटक्यांत त्याची दोन्ही बाजूंची दृष्टिकेंद्रे नष्ट झाली होती. काठीशिवाय त्याला एका अडथळ्यांच्या बोळातून चालायला सांगितले. वाटेतल्या पेट्या आणि खुर्च्या टाळत तो न अडखळता पार गेला. आपण काही टाळले, याचीही त्याला जाणीव नव्हती.

ही जोडी आणखी तऱ्हांनी फुटते. डी. एफ. या स्त्रीच्या मेंदूला कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने इजा झाली. समोरची फट उभी आहे की आडवी, हे तिला सांगता येईना. हातात पत्र देऊन त्या फटीत टाक म्हटले की हात वाटेतच योग्य कोनात वळे. मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी त्यावरून दाखवले, की हाताला वाट दाखवणारी दृष्टी आणि आपल्याला जग दाखवणारी दृष्टी मेंदूत वेगवेगळ्या मार्गांनी जातात. म्युनिकमधली एल. एम. ही स्त्री गती पाहण्याची क्षमता गमावून बसली. कपात चहा ओतताना तिला धार गोठल्यासारखी दिसे आणि कप कधी भरला ते कळत नसे. रस्ता ओलांडताना मोटार आधी दूर असे आणि मग एकदम अंगाशी. पुणे-मुंबई रस्ता ओलांडून दापोडी स्टेशन गाठणाऱ्या कुणालाही या वाक्याचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको.

निरोगी माणसातही ही फूट घडवता येते. दोन डोळ्यांना एकाच वेळी दोन भिन्न चित्रे दाखवली, तर त्यांची सरमिसळ दिसत नाही. काही सेकंद एक, मग काही सेकंद दुसरे, अशी आलटापालट होते. डोळ्यांवर पडणारा प्रकाश कायम असतो, अनुभव तेवढा बदलतो. मग मेंदूत कोणत्या पेशी चित्राबरोबर स्थिर राहतात आणि कोणत्या अनुभवाबरोबर पालटतात, हे शोधता येते. निकोस लोगोथेटिस यांनी १९८९ पासून माकडांवर हाच शोध घेतला. दृष्टीच्या पहिल्या केंद्रातल्या बहुतेक पेशी प्रकाशाशी इमान राखतात. जसजसे पुढच्या भागांत जावे, तसतशा अनुभवाबरोबर पालटणाऱ्या पेशी वाढत जातात. लक्ष दुसरीकडे असले तर डोळ्यांसमोरची ठळक वस्तूही दिसत नाही, हे सायमन्स आणि शाब्री यांच्या १९९९ च्या प्रयोगाने जगभर पोचवले. चित्रफितीतल्या खेळाडूंची चेंडूफेक मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी जवळपास निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसला नाही.

मन दुसरीकडे होते म्हणून पाहिले नाही, हा विचार बृहदारण्यक उपनिषदात आहे. न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, तर मन अणुएवढे मानले, म्हणजे एका वेळी ते एकाच इंद्रियाशी जोडले जाईल आणि सगळी ज्ञाने एकदम का होत नाहीत हे समजावता येईल. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाचे अनुयायी आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके वाद चालला तो याच मुद्द्यावर, की नाव आणि जात जोडण्याआधीचे कोरे दर्शन असते का, आणि असल्यास ज्ञान कशाला म्हणायचे. ज्ञानेश्वरांच्या 'चांगदेव पासष्टी'त द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी मध्यवर्ती आहे. आजच्या मेंदुविज्ञानाचे निष्कर्ष तिथे आधीच लिहिलेले आहेत असा दावा मी करत नाही. तसे म्हणणे दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे आहे. पण प्रश्न किती काटेकोर विचारावा, याचे वळण त्या ग्रंथांत आहे आणि मराठी वाचकाला या विषयात परके वाटण्याचे काही कारण नाही.

पाहणे शिकावे लागते, हा या पुस्तकातला मला सर्वांत जवळचा भाग. विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये जॉन लॉक यांना विचारले होते : जन्मांध माणसाला स्पर्शाने घन आणि गोल ओळखता येतात; त्याला दृष्टी आली, तर नुसते पाहून ते ओळखता येतील का? या प्रश्नाचे प्रयोगसिद्ध उत्तर आपल्या देशात मिळाले. एमआयटीतले पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मधून उत्तर भारतातल्या जन्मतः दृष्टी नसलेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. पट्टी उघडल्यावर लगेच त्यांना हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता आली नाही. काही दिवसांत मात्र हा दुवा जुळू लागला. डोळे उघडणे आणि दिसणे यांमध्ये शिकण्याचा काळ असतो, हे त्या मुलांनी जगाला दाखवले.

दापोडीच्या मातीत शिकलेल्या नजरेचा एक जुना ठेवाही आहे. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये इथला कॅप्टन फोर्डचा बंगला सरकारसाठी घेतला आणि तिथे वनस्पती-उद्यान उभे केले. इंग्रजी कागदपत्रांत ते 'दापुरी' म्हणून येते. उद्यानाचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून तिथल्या झाडांची चित्रे काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रांचा हा संग्रह आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहे. हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. साहेबाचे नाव राहिले, चित्रकाराचे राहिले नाही. वनस्पतिचित्रकाराला पान नुसते हिरवे दिसून भागत नाही. शिरा कुठून फुटतात, देठ कोणत्या बाजूने जुळतो, पाकळी आतून कशी आहे, हे त्याला दिसावे लागते. आपण पाहतो तेच झाड तो पाहतो आणि त्याचा अनुभव आपल्याहून भरलेला असतो. हीच गोष्ट क्वालिटीच्या टेबलावरच्या माणसाची. सरावाने मेंदू बदलतो, आणि मेंदूबरोबर जाणिवेत काय येईल तेही बदलते. म्हणून या पट्ट्यातल्या कसबी नजरेला मी नुसते कौशल्य म्हणत नाही, ते एक समृद्ध झालेले जाणणे आहे.

मग कोडे कुठवर सुटले? फ्रान्सिस क्रिक आणि क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९० मध्ये जाणिवेचा अभ्यास दृष्टीपासून सुरू करावा असे सुचवले आणि विषयाला वेग आला. कॉख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली : पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॉख यांनी हार मान्य केली आणि वाइनची पेटी चामर्स यांच्या स्वाधीन केली. त्याच सुमारास दोन प्रमुख सिद्धांतांची समोरासमोर परीक्षा झाली. एक सिद्धांत म्हणतो, माहिती मेंदूभर प्रसारित झाली की ती जाणिवेत येते. दुसरा म्हणतो, माहिती अखंडपणे एकात गुंफली जाण्याचे प्रमाण म्हणजेच जाणीव, आणि तिची मुख्य जागा मेंदूच्या मागच्या भागात आहे. दोघांचीही काही भाकिते खरी ठरली आणि काही महत्त्वाची फसली. चाकणच्या कॅमेऱ्याबाबत या दोन पक्षांची उत्तरे वेगळी आहेत. पहिल्याच्या मते योग्य रचना साधली तर यंत्रातही जाणीव तत्त्वतः शक्य आहे. दुसऱ्याच्या मते आजच्या संगणकाच्या रचनेत ती जवळपास शून्य आहे, कामगिरी कितीही सरस असो.

चामर्स ज्याला अवघड प्रश्न म्हणतात, तो शिल्लक आहे : एवढ्या सगळ्या घडामोडींबरोबर काही जाणवतेच का? यंत्रणा समजली की हा प्रश्न आपोआप विरून जाईल, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. तो विज्ञानाच्या आवाक्याबाहेरचा आहे, हेही मला पटत नाही. डी. बी. आणि टी. एन. यांच्यासारख्या माणसांमुळे आज आपण निदान इतके म्हणू शकतो, की मेंदूतले कोणते काम जाणिवेविना चालते. उरलेल्या कामाचा घेर लहान होत आहे. ही प्रगती खरी आहे.

पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्यात डोळा, दुसऱ्यात रंग आणि गती, तिसऱ्यात रुग्णांच्या कहाण्या, चौथ्यात लक्ष आणि शिकणे, पाचव्यात सिद्धांत आणि यंत्रदृष्टी. ज्याला तत्त्वचर्चेची घाई आहे त्याने पाचवा भाग आधी वाचला तरी चालेल, पण कागद-पेन्सिलचे प्रयोग वगळू नयेत. या विषयात वाचक स्वतःच प्रयोगशाळा असतो. परिभाषा शक्य तिथे बोलण्यातली ठेवली आहे, कारण हे पुस्तक विद्यापीठात जितके वाचले जावे असे वाटते, तितकेच पहिल्या पाळीहून परतणाऱ्या माणसानेही वाचावे असे वाटते. पाहण्याचे काम त्याच्याइतके कुणी करत नाही.

एक विनंती मात्र अगदी व्यवहाराची. मेंदू पाहणे शिकतो ते मुख्यतः बालपणी. ह्युबेल आणि विझेल यांना १९८१ चे नोबेल ज्या कामासाठी मिळाले, त्यात मांजराच्या पिल्लांवरचे प्रयोग होते : लहानपणी एक डोळा झाकून ठेवला, तर पुढे तो डोळा निरोगी असूनही मेंदू त्याचे ऐकत नाही. तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरांतला मोठा फरक, लहानपणीचा मोतीबिंदू यांमुळे मुलांत हेच घडते. डॉक्टर त्याला आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे भागते. वेळेत चष्मा, पट्टी किंवा शस्त्रक्रिया मिळाली तर दृष्टी सुधारते. उशीर झाला तर पुष्कळसे गमावले जाते. तेव्हा वाचकहो, घरात लहान मूल असेल तर त्याला शाळेत घालण्याआधी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या, आणि मगच या पुस्तकाचे पहिले पान उघडा.

दापोडी